झेनमध्ये एस्टीमचं इंजिन, आरसीवर वडिलांचं नाव

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी ऐरोलीत सिडकोच्या रो हाऊसमध्ये राहतो. वडिलांच्या नावावर २००६ सालची पेट्रोल झेन आहे, ९९३ सीसीची, नंबर एमएच ४३. इंजिन ऑइल खायला लागलं होतं, चढावर धूर सोडायचं. बाबा आता गाडी चालवत नाहीत, सगळं मीच बघतो. दिघ्याचा एक मेकॅनिक मित्र आणि मी, आम्ही अंगणात चेन पुली लावून जुनं इंजिन उतरवलं आणि कुर्ल्याहून आणलेलं २००१ सालच्या एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन बसवलं. गाडी आता उडते. पीयूसीसुद्धा मिळाली. पण आरसीची पाच वर्षांची मुदत तीन महिन्यांत संपतेय आणि इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघणार. एजंट म्हणतो, चौदा दिवसांची सूचना मागच्या तारखेची दाखवू, नाहीतर नव्या इंजिनावर जुना नंबर पंच करून देतो. मित्र म्हणतात, फार तर पाच हजार दंड, भर आणि मोकळा हो. कुर्ल्याच्या दुकानदाराने साध्या कागदावर पावती दिलीय. जुनं इंजिन ताडपत्रीखाली पडून आहे. काय करू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. जुनं इंजिन अजून तुमच्याकडे आहे. ते भंगारात गेलं असतं तर हे उत्तर बरंच लांबलं असतं आणि तुम्हाला महागही पडलं असतं.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा कोणताही बदल मालकाला गाडीत करता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि इंजिनाची क्षमताही असते. तुमच्या गाडीत आज दोन्ही जुळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी क्षेत्रीय परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या केरळच्या प्रकरणात हा मुद्दा निकालात काढला. केरळ उच्च न्यायालयाने मालकांना दिलेली मोकळीक रद्द झाली आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही, असं स्पष्ट झालं. त्यामुळे ‘१२९८ सीसी आरसीवर चढवून मिळेल का’ याचं उत्तर सरळ आहे : नाही. काम घरी केलं म्हणून गुन्हा वाढत नाही आणि मोठ्या गॅरेजमध्ये केलं असतं म्हणून तो कमीही झाला नसता.

यावर दोन हरकती हमखास येतात. पहिली, सीएनजी किट लावता येतं, मग इंजिन का नाही? कारण इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला त्याच कलमात वेगळी सवलत आहे. जास्त ताकदीसाठी तशी सवलत नाही. दुसरी हरकत गाड्यांच्या जाणकारांची : झेन डिझेलमध्ये १५२७ सीसीची आलीच होती की! आली होती, पण ते मॉडेल कंपनीने तसंच तपासून, मान्यता घेऊन रस्त्यावर आणलं होतं. वाहनं तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी असते ती अशा वेळी. अंगणातल्या चेन पुलीला तो मान मिळत नाही. (मित्राचा हात चांगला असणार, याबद्दल मला शंका नाही.)

आता तुमच्या एजंटकडे वळू. चौदा दिवसांत बदल कळवायची तरतूद कलम ५२ मध्ये आहे खरी, पण ती कळवण्याबद्दल आहे. जो बदल करायलाच बंदी आहे, तो कळवल्याने चालू होत नाही. वर मागची तारीख टाकायची म्हणजे सरकारी कार्यालयापुढे खोटा कागद ठेवायचा.

आणि पंचिंग. इथे मी जरा आवाज चढवतो. आज तुमच्या हातून मोटार वाहन कायद्याचं उल्लंघन झालंय, ज्यातून बाहेर यायला वाट आहे. एस्टीमचा नंबर घासून किंवा झाकून त्या इंजिनाच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव भागावर) झेनचा ठोकलात की तुम्ही भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या आणि बनावटीकरणाच्या कलमांच्या दारात उभे राहता. फसवणुकीच्या ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय हे काम दिसतं तितकं सोपं नाही. ब्लॉकची ठेवण अनुभवी निरीक्षक ओळखतो आणि घासलेल्या जागेवरचा धातू वेगळा दिसतो. चोरीच्या गाड्यांच्या तपासात पोलीस ती जागा हमखास बघतात. एजंट त्याचे पैसे घेऊन घरी जाईल, पंचनाम्यात नाव तुमचं येईल.

मोटार वाहन कायद्याखाली तर नाव तुमचंही नाही, आणि हे तुमच्या एकाही मित्राला सुचलेलं दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये बेकायदा बदलाची शिक्षा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा कुणाला? बदल करणाऱ्या ‘मालकाला’. आरसीवर मालक म्हणून तुमचे बाबा आहेत. नोटीस त्यांच्या नावाने निघेल, गाडीची नोंदणी कलम ५३ खाली निलंबित करायची ठरली तर बाजू मांडायला त्यांनाच बोलावतील. बाबांना हे सगळं माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर आज संध्याकाळी सांगा. वकिलाकडून कळण्यापेक्षा मुलाकडून कळलेलं बरं.

‘पाच हजार भर आणि मोकळा हो’ यातला दुसरा घोटाळा म्हणजे दंड भरल्याने इंजिन कायदेशीर होत नाही. आज दंड भरलात, परवा पुन्हा अडवलं तर तोच प्रश्न पुन्हा उभा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी विम्याची वाटते. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे खाजगी मोटारीचा एक वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. तुमची गाडी ९९३ म्हणून पहिल्या गटात विमा उतरवून बसलीय आणि धावतेय दुसऱ्या गटात. कंपनीच्या वकिलाला तुमच्या ब्रेकबद्दल, माउंटिंगबद्दल, कशाबद्दल काही सिद्ध करावं लागणार नाही. १,३२२ रुपयांचा हा फरक कागदावर ठेवून तो म्हणेल, यांनी महत्त्वाची गोष्ट लपवली. कलम १५० मध्ये विमा कंपनीला मिळालेल्या मोजक्या बचावांपैकी हा एक आहे.

पाम बीच रोडवर उद्या कुणाला धक्का लागला असं धरा. गंभीर अपघातानंतर कलम १३६ प्रमाणे गाडीची तपासणी होते. निरीक्षक बॉनेट उघडतो, इंजिन नंबर टिपतो, ब्रेकची स्थिती लिहितो. म्हणजे पासिंगच्या वेळी जे लपवायला निघाला आहात, ते नेमकं सगळ्यात वाईट दिवशी उघड होणार. जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई द्यायला न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला सांगतं, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देऊन. मोटार अपघाताच्या दाव्यांतल्या रकमा लाखांत असतात. तुमच्या बाबांच्या नावावर ते रो हाऊस असेल तर वसुलीचा रोख कुठे वळेल हे वेगळं सांगायला नको. फौजदारी बाजू निराळी. मूळच्या ब्रेकवर जास्त ताकदीचं इंजिन चढवलं होतं, ही गोष्ट सरकारी वकील निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून वापरेल, आणि गाडी तुम्ही चालवत असल्यामुळे तिथे आरोपी तुम्ही असाल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर विसराच.

पीयूसीचा आधार घेऊ नका. त्या केंद्रावर धुराड्यात नळी घालून धूर मोजतात, इंजिन कुठलं हे कुणी विचारत नाही. उलट तुमची गाडी भारत स्टेज ३ च्या काळातली आणि इंजिन त्याआधीचं. प्रदूषणाच्या नियमांतही हे बसणार नाही.

कुर्ल्याच्या पावतीबद्दल. ते इंजिन ज्या एस्टीममधून निघालं, तिची नोंदणी रीतसर रद्द झाली होती का? झाली नसेल तर तो नंबर अजून कुणाच्या तरी आरसीवर जिवंत आहे. गाडी चोरीची निघाली तर न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं. त्यात माल चोरीचा असल्याचं माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं, हे पोलिसांना दाखवावं लागतं. साध्या कागदावरची पावती त्यांच्याच कामाची आहे, तुमच्या नाही. दुकानदाराकडे जाऊन इंजिन नंबर लिहिलेलं, सहीशिक्क्याचं बिल आणि मूळ गाडीच्या नोंदणी रद्दीची प्रत मागा. तो टाळाटाळ करू लागला तर काय समजायचं ते समजा.

आता करायचं काय. गाडी आजपासून सार्वजनिक रस्त्यावर काढू नका. ‘गॅरेजपर्यंतच जातो’ असंही नको, टो करून न्या. ताडपत्रीखालचं इंजिन लेथवाल्याला दाखवा. ऑइल खाणारं इंजिन म्हणजे बहुतेक वेळा रिंगा, व्हॉल्व्ह सील, फार तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन. ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे, आणि ब्लॉकवरचा नंबर तोच राहतो. पक्कं बिल घ्या आणि बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. मग तेच इंजिन परत बसवा. मोठ्या इंजिनासाठी माउंटिंग किंवा क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा दांडा) कापला, वेल्डिंग केलं असेल तर तेही पूर्ववत करा, कारण निरीक्षकाची नजर तिथे जाते.

ब्लॉकच फुटलेला निघाला तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं ९९३ सीसीचं इंजिन घ्या. मात्र या वेळी उलटा क्रम : आधी आरटीओकडे अर्ज, परवानगी, मग बसवणं आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद. अर्ज बाबांच्या सहीने जाईल. सोबत इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद लागतील.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. तुमच्याकडे तीन महिने आहेत, म्हणजे लेथवाल्याला साधारण एक महिना द्या आणि त्याच्या मागे लागा. पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे इंजिन परत बसल्यावर करा. पीयूसी तर नव्यानेच काढा. तपासणीला चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतील, इंजिन नंबर ताडून बघतील. तेव्हा एजंट बरोबर असला काय आणि नसला काय, फरक पडणार नाही. आधीचं इंजिन कोणी विचारणार नाही आणि तुम्ही आपणहून सांगायला बांधील नाही. मात्र लेखी काही विचारलंच तर खोटं लिहू नका.

गाडी आहे तशी कल्याण-डोंबिवलीच्या कुणाला विकून टाकावी, हा विचार मनात येईल. इंजिनाचं न सांगता विकलीत तर ती खरेदीदाराची फसवणूक. सांगून विकलीत तरी नाव बदलेपर्यंत मालक बाबाच.

एस्टीमचं इंजिन दुकानदाराला परत द्या आणि परत दिल्याची पोच घ्या. तो घेत नसेल तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या, नंबर लिहिलेली पावती आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. फेरीवाल्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो नंबर उद्या भलत्याच गाडीत सापडला तर शेवटचा धागा तुमच्या अंगणापर्यंत येईल.