‘प्रायश्चित्त करा’ की ‘पश्चात्ताप करा’?

जालन्याहून एका वाचकाने विचारले आहे: उपवासकाळातल्या (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांतल्या) सभांसाठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावर ‘प्रायश्चित्त करा, माफी मिळवा, नवी सुरुवात करा’ असे लिहायचे ठरले. एका ज्येष्ठांनी ‘प्रायश्चित्त’ला हरकत घेतली आणि दुसऱ्या कोणी ‘माफी’ हलका शब्द म्हणून ‘क्षमा’ सुचवला. कोणाचे बरोबर?

पहिली हरकत रास्त आहे. रोजच्या मराठीत प्रायश्चित्त चुकणारा माणूस घेतो. उपास करतो, दंड भरतो, आणि मग दोष फिटला असे धरतो. बायबलच्या ‘नव्या करारा’त मात्र १ योहान २:२ मध्ये ख्रिस्त हाच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, असे म्हटले आहे. म्हणजे भरपाई त्याने केली. फलकावर ‘प्रायश्चित्त करा’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटणार, क्षमा काहीतरी मोजून घ्यायची आहे. कॅथलिक मंडळीत प्रायश्चित्त हा संस्कार आहे आणि पापकबुलीनंतर फादर एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्यही सांगतात, पण तिथेही ती क्षमेची किंमत नसते.

‘पश्चात्ताप’ हा शब्द बरोबर आहे, तरी त्यातही एक खोच आहे. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणे. मागाहून जीव जळला की काम झाले, असे या शब्दावरून वाटू शकते. मूळ ग्रीक ‘मेटानोइया’मध्ये मन पालटणे आहे, तर त्यामागच्या हिब्रू ‘शूव’ धातूत चक्क परत फिरणे आहे. म्हणूनच प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये पश्चात्ताप करा ‘व वळा’ असे जोडून येते. बापाची संपत्ती उडवून बसलेल्या उधळ्या मुलाची गोष्ट (लूक १५) पाहा. डुकरे चारताना तो शुद्धीवर येतो, उठतो आणि बापाकडे जायला निघतो. हळहळून तो तिथेच बसून राहिला असता तर ते नुसते पस्तावणे झाले असते. आपल्याकडे ‘माघारी फिरणे’ म्हणतात ना, त्याच्या इतके जवळचे दुसरे काही सापडणार नाही.

वळल्यावर पुढचे पाऊल कबुलीचे. त्यासाठी मराठी बायबलात (१ योहान १:९) फार सुंदर क्रियापद आले आहे, आपली पापे ‘पदरी घेणे’. ‘पदरी पडलं, पवित्र झालं’ या म्हणीत पडणारी गोष्ट आपोआप येऊन पडते. इथे पदर आपण होऊन पुढे करायचा आहे. ‘चूक झाली’ म्हणताना चूक कोणाची ते वाक्यात कुठेच येत नाही. ‘मी चुकलो’ म्हटले की ती पदरी आली. कबुलीच्या प्रार्थनेत ‘आमच्याकडून चुका घडल्या’सारखी वाक्यरचना म्हणूनच टाळावी. क्रियापदाला कर्ता हवा.

आता माफी आणि क्षमा. ‘क्षमा’ संस्कृत क्षम् धातूची, सहन करणे हा तिचा मूळ अर्थ. म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. ‘माफी’ अरबी-फारसीतून आली. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, तिथे हा शब्द हलका ठरवणे मला मुळीच पटत नाही. कर्जमाफी, फीमाफी, सारामाफी हे शब्द बघा. जे देणे होते ते आता उरले नाही, हा त्यांचा अर्थ. प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय ६:१२) नेमके हेच आहे: तू आमची ऋणे आम्हांस सोड. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ कर्ज असाच आहे आणि क्रियापदाचा अर्थ सोडून देणे. सातबारा कोरा होण्याची वाट पाहिलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. मात्र तीत दुसरा भागही आहे, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. आपले देणे सुटावे आणि दुसऱ्याकडची बाकी वहीत तशीच राहावी, असे या प्रार्थनेत चालत नाही. फलकावर ‘क्षमा’ ठेवा, कारण ‘पापांची क्षमा’ हा शब्दप्रयोग मंडळीच्या कानाला सवयीचा आहे. प्रवचनात ‘माफी’ बेलाशक वापरा. फक्त ‘मिळवा’ नको. मिळवतात ते कष्टाने किंवा शर्यतीत. क्षमा स्वीकारायची असते.

‘नवी सुरुवात’ चुकीची नाही, पण फिकी आहे. शाळेच्या सत्राचीही नवी सुरुवात होते. २ करिंथ ५:१७ मध्ये ‘नवी उत्पत्ती’ आहे, म्हणजे माणूसच नवा. ‘पुनर्जन्म’ मात्र कटाक्षाने टाळा. मराठी वाचक त्याचा अर्थ मेल्यानंतरचा दुसरा जन्म असाच घेणार. योहान ३ मधला ‘नव्याने जन्म’ याच आयुष्यातला आहे, आणि तिथल्या ग्रीक शब्दाला ‘पुन्हा’ व ‘वरून’ असे दोन्ही अर्थ आहेत.

रंगाऱ्याला मजकूर देताना जोडाक्षरे तपासा: पश्चात्ताप (‘पश्चाताप’ नव्हे). फलकासाठी माझी शिफारस: ‘पश्चात्ताप करा, माघारी फिरा. ख्रिस्तात पापांची क्षमा आहे, नवे जीवन आहे.’