जांबोटीच्या जंगलाचं वॉटरकलर करताना हिरवा रंग चिखलासारखा का होतो?

अल्ट्रामरीन निळ्यात गर्द पिवळा मिसळताय म्हणून होतंय तसं, त्याऐवजी लेमन येलो आणि प्रशियन ब्लू घेऊन बघा. अल्ट्रामरीनमध्ये मुळातच तांबूस झाक असते आणि गर्द पिवळ्यातही, मग तिन्ही मूळ रंग एकत्र आले की हिरवा मरतोच की हो. लेमन-प्रशियनचा हिरवा मात्र फारच भडक, प्लॅस्टिकच्या पानासारखा दिसतो, त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे विटकरी तपकिरी रंग, टाकला की झाडाचा वाटतो, लांबच्या डोंगराला निळा जास्त आणि पाणी जास्त. जांबोटीजवळच्या कणकुंबीकडं पावसात बसून हेच करतो मी. फक्त तिथल्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, पहिला हात ओला असताना दुसरा मारलात तर कुठलेही रंग घ्या, चिखलच.