सांगलीत ११ महिन्यांचा करार संपतोय, मालक रिन्यू करत नाहीत, लगेच घर सोडावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की विश्रामबागमधल्या फ्लॅटचा करार महिनाअखेरीला संपतोय, मालक वाढवून देत नाहीत आणि एक तारखेला कुलूप घालीन म्हणतात. मी सांगलीत भाडेकराराचीच कामं करतो म्हणून स्पष्ट सांगतो, हा लीव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, तो वाढवायचा का नाही हे मालकाच्या हातात, कारण सांगायचंही बंधन नाही. पण स्वतःच कुलूप घालून तुम्हाला बाहेर काढणं, हे त्याला करता येत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४. मुदत संपून पण घर खाली केलं नाही तर मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडं (अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा, तिथनं समन्स येतं, ते मिळाल्यापास्नं ३० दिवसांत तुम्ही प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची, नाही मागितली तर घर सोडायचाच आदेश निघतो. आणि मुदतीनंतर राहिलात त्या काळाचं भाडं दुप्पट, ९ हजार असेल तर १८ हजार! म्हणून "करू दे केस, बघू" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. मुलांची परीक्षा वगैरे असेल तर आत्ताच मालकाशी बसून बोला, दोन महिने मागून घ्या, पण तेवढ्याचा पण करार रजिस्टर करूनच.

तुमचा आत्ताचा करार रजिस्टर आहे का ते बघा. ११ महिन्याला नोंदणी लागत नाही असं समजून लोक स्टॅम्पवर नोटरी करतात, पण आपल्या राज्यात याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं नोंदणी लागतेच आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केली तर ५ हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय अटींवरनं वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात.

(गावभागात जुन्या वाड्यात पावतीवर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचं वेगळं असतं, त्यांना काढायला मालकाला कोर्टात कारण सिद्ध करावं लागतं. त्यांचं बघून तुम्ही अंदाज बांधू नका.)

कुलूप घातलंच तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात ताबा परत मागता येतो.

सोडताना खोल्यांचे फोटो, मीटरचं रीडिंग घ्या, आणि डिपॉझिट हातात किंवा खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.