नाव एकच, बँड वेगळे

प्रश्न : किंग क्रिमझन हा ब्रिटिश रॉक बँड ऐकतोय. १९६९ चा पहिला अल्बम, १९७४ चा 'रेड' आणि १९८१ चा 'डिसिप्लिन' हे तिन्ही वेगळ्याच बँडचे वाटतात. असं कसं? आणि नवख्यानं सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमचे कान बरोबर सांगतायत, ते खरंच तीन वेगळे संच आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस एकच, गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप. जानेवारी १९६९ मध्ये लंडनमध्ये तालमी सुरू झाल्या, जुलैत हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी प्रचंड गर्दीसमोर वाजवलं, ऑक्टोबरात अल्बम आला आणि डिसेंबरात अमेरिकेच्या दौऱ्यातच सॅक्सोफोन-कीबोर्ड वाजवणारा इयन मॅकडोनल्ड आणि ड्रमर मायकल जाइल्स म्हणाले, आम्ही सोडतो. सगळं एका वर्षात! मग गायक ग्रेग लेकही गेला. फ्रिपनं नाव तेवढं ठेवलं आणि माणसं नवीन घेतली, आणि माझ्या मते हेच या बँडचं मोठेपण आहे, गाजलेला साउंड पुन्हा पुन्हा विकत बसले नाहीत.

सगळ्यात भारी संच १९७२ ते ७४ चा. बिल ब्रुफर्ड 'यस'सारखा ऐन भरातला बँड सोडून इथे ड्रम्स वाजवायला आला, बेस आणि गाण्याला जॉन वेटन. 'रेड'मधलं 'स्टारलेस' हेडफोन लावून ऐकाच. बारा मिनिटांचं आहे. मध्ये गाणं थांबतं, बेस तेरा मात्रांचं चक्र धरतो आणि फ्रिप एकच सूर वाजवत राहतो, मग हळूच एक पायरी वर, परत तोच हट्ट, ब्रुफर्ड आधी नुसती खुटखुट करतो आणि मग ताण असा चढत जातो की श्वास रोखला जातो, आणि शेवटी सुरुवातीची चाल सॅक्सोफोनवर परत येते. या अल्बमसाठी मॅकडोनल्ड पाहुणा म्हणून आला होता, पण रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच फ्रिपनं बँड मोडला.

१९८१ ला गिटारिस्ट-गायक एड्रियन बेल्यू आणि बेसवर टोनी लेविन आले, दोन गिटारी एकमेकींत विणलेल्या, आधीच्या अल्बममधल्या मेलोट्रॉनचा (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) मागमूस नाही. पुढे २०१४ पासून तीन ड्रमर स्टेजवर पुढच्या रांगेत, शेवटची मैफल डिसेंबर २०२१, टोकियो.

सुरुवात 'रेड'पासून करा, मग 'डिसिप्लिन', आणि १९६९ चा अल्बम पुन्हा त्यानंतर लावा.