ऑक्टोबर महिना आणि काळेपणाचा अभिमान

प्रश्न : माझी नात इंग्लंडमध्ये शिकते. तिच्या शाळेत दर ऑक्टोबरमध्ये ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, साजरा होतो आणि यंदा तिला वर्गासमोर दहा मिनिटे बोलायचे आहे. तिच्या आजोबांचे म्हणणे असे, की काळे असल्याचा अभिमान चालतो आणि गोरे असल्याचा चालत नाही, ही कसली समता? मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. शिवाय यात आपल्या मुलीचा काय संबंध?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आजोबांच्या शंकेचे उत्तर हा महिना सुरू कसा झाला यातच सापडते. ब्रिटनमध्ये तो 1987 साली सुरू झाला, तो लंडनच्या स्थानिक प्रशासनात काम करणारे घानाचे अकयाबा अदाई-सेबो यांच्या पुढाकाराने. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी, की त्यांची एक सहकारी एके सकाळी अगदी उतरलेल्या चेहऱ्याने कामावर आली. आदल्या रात्री झोपवायला गेल्यावर तिच्या लहानग्याने विचारले होते, “आई, मला गोरे का होता येत नाही?” या मुलाचे नाव त्या आईने कृष्णवर्णीयांच्या अभिमानाचा पुरस्कार करणारे जमैकाचे नेते मार्कस गार्वी यांच्यावरून ठेवले होते, हे लक्षात घ्या. घरात अभिमानाची उणीव नव्हती. उंबऱ्याबाहेर पडल्यावर मुलाला जे दिसत होते, त्याच्यापुढे घरातले नाव अपुरे पडले.

2021 च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये गोऱ्यांचे प्रमाण 81.7 टक्के आणि कृष्णवर्णीयांचे 4 टक्के आहे. गोऱ्या मुलाला आपल्या रंगाबद्दल असा प्रश्न आईला विचारण्याची वेळ येत नाही, म्हणून त्याला त्या रंगाचा वेगळा अभिमान शिकवावाही लागत नाही. आपल्याकडे स्थळे पाहताना ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ असे म्हणतात. त्यातला ‘पण’ ज्यांना आयुष्यभर ऐकावा लागला, त्यांनी तो खोडून टाकला तर त्यात कोणाला कमी लेखण्याचा प्रश्न येत नाही.

प्रतिनिधित्व म्हणजे केवळ पडद्यावरचे चेहरे मोजणे, असेही आजोबांना वाटत असेल, तर त्यांना बॅले नर्तकींच्या बुटांबद्दल सांगा. हे साटिनचे बूट त्वचेच्या रंगाशी जुळले म्हणजे पायाची रेषा अखंड दिसते. परंतु बाजारात मिळत ते फिकट गुलाबीच. कृष्णवर्णीय नर्तकी प्रत्येक नवा जोड स्पंज घेऊन मेकअपने रंगवीत, आणि हे बूट लवकर झिजत असल्यामुळे ते काम कधी संपत नसे. लंडनच्या फ्रीड या कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेबरोबर काम करून तपकिरी छटांचे बूट आणले ते 2018 साली.

आता आपल्या मुलीचा संबंध. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेची निवडणूक हरल्यानंतर पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी 1888 साली जाहीर भाषणात त्यांचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला होता. दादाभाई वर्णाने चांगले उजळ होते, ही गोष्ट वेगळी. ते 1892 साली निवडून आले, तेही जेमतेम मतांनी. याहून जवळचे उदाहरण ब्रिस्टलचे आहे. तेथील बस कंपनी कृष्णवर्णीयांना आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेत नसे आणि कामगार संघटनेचाही त्याला पाठिंबा होता, ही त्यातली अधिक लाजिरवाणी बाब. 1963 साली पॉल स्टीफन्सन या तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने गाय रीड-बेली या तरुणासाठी फोनवरून मुलाखतीची वेळ ठरवली आणि उमेदवार वेस्ट इंडीजचा आहे असे सांगताच ती मुलाखत रद्द झाली. त्यावरून शहरातल्या कॅरिबियन रहिवाशांनी बसवर बहिष्कार पुकारला. 28 ऑगस्टला कंपनीने बंदी उठवल्याचे जाहीर केले, आणि 17 सप्टेंबरला शहरातला पहिला गौरेतर बसवाहक म्हणून रुजू झाले ते रघबीर सिंग, एक भारतीय शीख. वंशभेदविरोधी पहिला कायदा ब्रिटनमध्ये 1965 साली झाला, तरी नोकरी आणि घर मिळवताना होणारा भेदभाव बेकायदा ठरायला 1968 उजाडले. त्या कायद्यांचा लाभ पुढे तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही झाला आणि आज आपल्या नातीलाही होतो आहे.

तिने भाषणासाठी ब्रिस्टलचाच विषय घ्यावा, दादाभाई पुढच्या वर्षाकरिता राखून ठेवावेत. रघबीर सिंगांपासून सुरुवात करण्याचा मोह तिला होईल, घरच्यांना तर नक्कीच होईल. तरी स्टीफन्सन, रीड-बेली आणि बहिष्कार पुकारणारे कॅरिबियन रहिवासी यांची नावे तिने आधी घ्यावीत, कारण बस सोडून पायी चालले ते, आणि पहिली नोकरी मिळाली आपल्या माणसाला.