बरोबरी देऊ केली की

मुली,

रविवारी तू चपलाही न काढता दारातच विचारलंस, "काकू, यापुढे मी बुद्धिबळात फक्त मुलींच्याच स्पर्धा खेळू का?" मी चहा टाकते म्हणाले आणि विषय बदलला. खरं तर मला राग आला होता आणि तो कोणावर, हे ठरेपर्यंत तू निघून गेलीस. आता ठरलंय. थोडा तुझ्याशी डाव खेळलेल्या त्या मुलाच्या वडिलांवर, थोडा तुझ्यावर आणि बराचसा माझ्यावर.

तुझी चाली लिहिलेली स्कोअरशीट माझ्या टेबलावरच राहिली. रात्री पट मांडून डाव खेळून पाहिला. त्याच्या त्रेचाळिसाव्या चालीपाशी तू इमानाने बरोबरीची खूण केली आहेस, म्हणजे प्रस्ताव त्याचा. पटावर काय आहे? तू एका प्याद्याने पुढे. ते प्यादं मोकळं, पाचव्या घरात पोचलेलं, आणि तुझा हत्ती त्याच्या मागे, म्हणजे जिथे असायला हवा तिथेच. तूच सांगितलंस की घड्याळात तुझ्याकडे वीस मिनिटं होती आणि त्याच्याकडे चार. आणि तू हात पुढे केलास.

का, तर त्याचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारे गुण, अठराशे आणि तुझं पंधराशे. आणि त्याने "छान हसून विचारलं".

मग जिन्यात त्याचे वडील तुला म्हणाले, "मुलीच्या मानाने छान खेळतेस हं." तू रडलीस ती त्या वाक्याने. मी लिहितेय ती त्रेचाळिसाव्या चालीबद्दल. ते वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतेय, नारायण पेठेत ऐकलं, कोथरूडमध्ये ऐकलं. आता त्याला भिंतीवरच्या पालीइतकंच महत्त्व देते. चाल मात्र तुझी होती.

आपल्या भाषेत गंमत बघ. डाव ना जिंकला ना हरला तरी बरोबरी, आणि मुलगी मुलाच्या तोडीला आली तरीही बरोबरीच. दोन्हीकडे कोणीतरी ती "देऊ करतं", आणि आपण "थँक्यू" म्हणतो. देऊ केलेली बरोबरी घेऊ नकोस. आधी पट बघ. पट समान असेल तर खुशाल घे, मी काही बोलणार नाही. पण समोरचा तुझ्यावर मेहेरबानी करतोय अशा थाटात हसला, तर समज की त्याने पट तुझ्याआधी पाहिलाय. चार मिनिटं उरलेला माणूस उगाच उदार होत नाही.

माझं सांगते. १९८३ चा डिसेंबर, मी सतराची. पेठेतल्या एका शाळेचा हॉल, सगळे मिळून साठेक खेळाडू आणि त्यात आम्ही मुली तीन. समोर बँकेतले एक गृहस्थ. माझे दोन उंट मोकळे, त्यांचा घोडा कोपऱ्यात अडकलेला. तेव्हा लांबलेला डाव तहकूब व्हायचा, पुढची चाल पाकिटात बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसायचं. साडेआठ वाजले होते. बाहेर दादा स्कूटरला टेकून तासभर ताटकळत उभा होता. ते गृहस्थ म्हणाले, "बाळ, उशीर झाला, घरी काळजी करत असतील. बरोबरी करू या?" उद्या पुन्हा मला घेऊन कोण येणार, हा विचार माझ्या डोक्यात उंटांच्याही आधी आला. मी हो म्हटलं. वर नमस्कारही केला! निवडीला अर्धा गुण कमी पडला.

त्या माणसाला मी कधी वाईट म्हटलं नाही. वाईट नव्हतेच ते. म्हणून तर जास्त चिडते.

दादाचं म्हणशील तर तो मिरजेला, नागपूरला एकटा स्पर्धांना जायचा, फलाटावर झोपायचा, वडापाववर दिवस काढायचा. मला जायचं तर सोबत कोणीतरी हवं, म्हणजे तिकिटं दोन, खोली वेगळी, रजा कोणाची तरी. बाबांनी कधी "तू मुलगी आहेस" असं म्हटलं नाही, ते फक्त वहीत हिशेब मांडायचे. माझ्या एका स्पर्धेच्या खर्चात दादाच्या तीन व्हायच्या. मुली का खेळत नाहीत, यावर मोठमोठी माणसं मेंदूच्या गोष्टी सांगतात. मला मेंदूचं कळत नाही, पण ती वही मी पाहिलेली आहे.

लग्नानंतर माझा खेळ सुटला असं सगळे म्हणतात. साफ चूक. मी खेळ सोडला नाही, स्पर्धांना जाणं थांबवलं. नवऱ्याने कधी अडवलं नाही. दोन मुलं होती, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि शिकवणं हेसुद्धा खेळणंच असतं. माझ्या हातून किती मुलं तयार झाली ते तुला माहीत आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं. मग ग्रँडमास्टर कोनेरू हम्पीचं नाव निघतं आणि माझं बोलणं तिथे संपतं. आई होताना दोनेक वर्षं ती पटापासून लांब होती, आणि २०१९ मध्ये रॅपिडची, म्हणजे जलद डावांची, जागतिक विजेती झाली, २०२४ मध्ये पुन्हा. एप्रिल २०२५ मध्ये महिला ग्रां प्रीचा पुण्यातला टप्पा जिंकली तेव्हा मी बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि कोथिंबीर निवडत बसले.

असो. तुझ्या प्रश्नाकडे येते.

रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये तेरा वर्षांची होती, तुझ्याहून एका वर्षाने लहान. ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली, देशात पहिली. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. या यूवेंची गंमत माहीत आहे ना? १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या स्पर्धेत पहिली महिला विश्वविजेती व्हेरा मेंचिक पुरुषांत खेळायला आली, तेव्हा एका मास्टरने थट्टा केली की हिच्याकडून जो हरेल त्याला "मेंचिक क्लब"चा सभासद करू. पहिला सभासद तो स्वतःच झाला. पुढे विश्वविजेते झालेले यूवेही त्याच क्लबातले, तिच्याकडून हरलेले. मला नेहमी वाटतं, पटावर हरलेल्या माणसाला निर्णय द्यायला सोपं गेलं असेल. खुर्चीवर बसून कोणाला काही पटत नाही.

आणि दुसरी बाजू पण ऐक. १९८६ मध्ये त्याच संघटनेने सगळ्या सक्रिय महिला खेळाडूंना शंभर रेटिंग गुण फुकट दिले, फक्त हंगेरीच्या सुसान पोल्गारला सोडून. का, तर तिचं रेटिंग पुरुषांशी खेळून आलेलं होतं! जिने मागितलं नाही, खेळून मिळवलं, ती एकटी मागे. बाकीच्यांना बरोबरी वाटली गेली, प्रसादासारखी.

म्हणून म्हणते, ओपन खेळ, म्हणजे मुलं-मुली एकत्र असतात त्या स्पर्धा. मुलींच्या स्पर्धा सोड असं मी म्हणत नाही. राज्याच्या मुलींच्या स्पर्धेत जा, पैसे मिळाले तर घे, किताब मिळाला तर घे. वुमन ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग लागतं आणि ग्रँडमास्टरला २५००, यावरून तुला कोणी "मुलींना स्वस्तात मिळतं" म्हणेल. म्हणू दे. २०२३ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतींत खुल्या गटाला बक्षिसाचे वीस लाख युरो होते आणि महिलांना पाच लाख, हे स्वस्त कोणाला पडलं ते त्याच माणसाला विचार. पण आई म्हणते तसं "मुलींतच खेळ, लवकर नाव होईल" हे मला चालणार नाही. आईचा हेतू चांगला आहे. हेतू चांगले असतातच गं, त्या बँकेतल्या गृहस्थांचाही होता.

त्या स्पर्धेत मिळालेली बेस्ट गर्लची ट्रॉफी कपाटात ठेव, फेकू नकोस, नाटक नको. फक्त बक्षिसांची यादी पुन्हा बघ. तो डाव जिंकली असतीस तर मुख्य यादीत आली असतीस, आणि एका खेळाडूला एकच बक्षीस हा नियम असल्याने ही ट्रॉफी दुसऱ्या मुलीकडे गेली असती. म्हणजे तुझ्या बरोबरीने तिचाही तोटा झाला.

दिव्या देशमुखचं तू मागे विचारलं होतंस. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथे खेळून आल्यावर ती अठराची मुलगी उघड बोलली, की प्रेक्षक माझे कपडे, केस, उच्चार बघतात, डाव कोणी बघत नाही. लोकांनी तिलाच शहाणपण शिकवलं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिला विश्वचषक घेतला आणि ग्रँडमास्टर झाली. दोन्ही वेळा ती तीच मुलगी होती, हे मुद्दाम सांगते, कारण तुझ्या वर्गातले काही जण आता तिचे फोटो ठेवतात.

आणि "नाही" म्हणताना तुझी जीभ अडखळते हे मला माहीत आहे, माझीही अडखळायची. तर नियम वाच, पुस्तक तुझ्याकडे आहे. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आधी आपली चाल पटावर करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. आणि तो नाकारायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. चाल करायला सोंगटीला हात लावला की नकार झाला. इतकं सोपं आहे, आणि मला ते सतराव्या वर्षी कोणी सांगितलं नाही. नमस्कार मात्र सगळ्यांनी शिकवला होता.

शनिवारी पाचला ये. वडिलांना खाली थांबवू नकोस, तू आता बसने येऊ शकतेस, स्वारगेटहून मिळते. त्रेचाळिसाव्या चालीपासून मांडून ठेवते. तू पांढऱ्याने खेळ, मी त्या मुलाच्या बाजूने बसेन, घड्याळात चारच मिनिटं घेईन. मध्ये कधीतरी हसून बरोबरी मागेन.

काकू