लेप्टोचं प्रोटीन खरंच चिकटलं का?

प्रिय,

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबलं की पाठोपाठ लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट येतात, त्यामुळे या जंतूचं प्रोटीन आपल्या प्रोटीनांना चिकटतं का, हा विषय चांगलाच निवडलास. लिगबी हे लेप्टोस्पायरा या जंतूच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन (पुढे नुसतं लिग) आपल्या पेशींभोवतीचं फायब्रोनेक्टिन धरतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन धरतं आणि रक्तातलं फॅक्टर एचही. फॅक्टर एच अंगावर आला की कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रोटीनांचा, मारा थंडावतो. एवढं कुठल्याही रिव्ह्यूत सापडेल. अडतं ते प्लेटवर, म्हणजे छोट्या खळग्यांच्या (वेलच्या) ज्या प्लेटमध्ये हे चिकटणं मोजायचं तिथे.

त्याआधी कल्चर बघ. ईएमजेएच या लेप्टोस्पायरा वाढवायच्या माध्यमात वर्षानुवर्षं सबकल्चर केलेला (नव्या बाटलीत पुन्हा पुन्हा वाढवलेला) स्ट्रेन लिग बनवणंच सोडून देतो. कमी पॅसेजचाच, म्हणजे कमी वेळा सबकल्चर केलेलाच, माग. हे माध्यम रक्तापेक्षा फार कमी खारट असतं. 120 मिलिमोलर मीठ घातलं की लिग वाढतं, म्हणून मिठाची आणि बिनमिठाची अशा दोन्ही बाटल्या लाव. ईएमजेएचमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) भरपूर असतं, ते धुऊन काढ. धुताना पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराईड ठेव आणि सेंट्रिफ्यूज हळू फिरव. बाहेरचं आवरण नाजूक असतं, सुटून येतं. हे मॅग्नेशियम क्लोराईड जुलैत बाटलीतच पाणी धरतं. वजन चुकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळ्यातच 1 मोलर स्टॉक करून ठेवलेला बरा.

आता प्लेट. फायब्रोनेक्टिन 10 मायक्रोग्रॅम प्रति मिली, वेलमध्ये 100 मायक्रोलिटर, रात्रभर 4 अंशांवर. ब्लॉकिंग, म्हणजे उरलेली रिकामी जागा झाकणं, 3% बीएसएने. जिलेटिन वापरायचं नाही: फायब्रोनेक्टिनला जिलेटिन धरणारा स्वतःचा भाग आहे, तोच झाकला जाईल. धुणं तीनदा, 0.05% ट्वीन या डिटर्जंटने. तुलनेसाठी नुसत्या बीएसएचे वेल त्याच प्लेटवर हवेतच.

रीडिंग वाढलं म्हणून हुरळू नकोस. वेलमध्ये घातलेल्या लिगचं प्रमाण वाढवत नेलं की आलेख कुठेतरी सपाट व्हायला हवा. सरळ वरच जात राहिला तर ते बहुधा नुसतं चिकटणं आहे. लिगमध्ये द्रावणातलं फायब्रोनेक्टिन आधी मिसळल्यावर सिग्नल पडला पाहिजे. लिगला जीएसटी टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेलं दुसरं प्रोटीन) असेल तर तो जोडीने राहतो, त्यामुळे पकड आहे त्याहून घट्ट दिसते. टॅग कापून पुन्हा मोज.

अख्ख्या जंतूंवर जाशील तेव्हा शेजारी लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा ठेव. तो रोगकारक नाही, त्याच्याकडे लिग नाही. आणि बोटाला चीर असेल त्या दिवशी रोगकारक कल्चरला हात लावू नकोस, ग्लोव्ह्ज असले तरी.